कानबाईच्या आठवड्यात ओतलेलं चाक

‘वायडी’ म्हणजे काय हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. मी त्याचाच फायदा घेतला.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी जळगावला भाड्याच्या खोलीवर होतो. मोबाइलवर निकालाचं पान उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. ठरलेल्यापेक्षा जास्त विषय राहिले की पुढच्या वर्गात घेत नाहीत. एक वर्ष बाहेर बसायचं, राहिलेले पेपर द्यायचे आणि मग पुढे जायचं. यालाच पोरं वायडी, म्हणजे इयर डाउन, लागली म्हणतात. मला वायडी लागली होती. माझा रूम पार्टनर पास झाला आणि त्याला पुण्यात ट्रेनिंग मिळालं. जाताना तो त्याचा लहानसा थ्रीडी प्रिंटर माझ्याकडे ठेवून गेला. म्हणाला, “वर्षभर तुझा वेळ जाईल.” त्याने ते चांगल्या मनानेच म्हटलं असणार. मी मान हलवली.

आमचं गाव धुळ्याहून पारोळ्याकडे जाताना लागतं. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तिथे पिठाची गिरणी आहे. नाना सातवी शिकलेले, माय त्याहून कमी. कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. प्रिंटरचं खोकं आणि पुस्तकांची गोणी घेऊन घरी आलो, तेव्हा नानांनी विचारलं, “सुट्टी शे का?”

मी म्हणालो, “शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो, नाना. तो घरून करता येतो.”

प्रोजेक्ट असतो हे खरं होतं. बाकीचं नव्हतं. पुढे काय बोलायचं ते मी बसमध्ये पाठ करून ठेवलं होतं, पण बोलायची वेळच आली नाही. नानांनी एवढ्यावर विश्वास ठेवला आणि मागची पत्र्याची पडवी मला रिकामी करून दिली.

प्रोजेक्ट म्हटल्यावर काहीतरी करून दाखवायला हवं होतं. प्रिंटरवर मी एक छोटा दातेरी गियर छापला. नानांनी तो बोटांत दाबून पाहिला आणि “प्लास्टिक शे” एवढंच म्हणून परत दिला. त्यांच्या बोलण्यात नाराजी नव्हती, फक्त वस्तू हलकी होती. म्हणून मी धातू ओतायला लागलो. कॉलेजात याचा एक तास झाला होता आणि उरलेलं मी व्हिडिओ बघून शिकलो. पद्धत सांगायला सोपी आहे. हवी ती वस्तू आधी प्लास्टिकची छापायची आणि तिला धातू आत जाण्यासाठी प्लास्टिकचाच एक देठ जोडायचा. मग ती डब्यात ठेवून वरून प्लास्टर ऑफ पॅरिस आणि बारीक वाळूचा काला ओतायचा. काला घट्ट झाला की तो साचा भट्टीत तापवायचा. आतलं प्लास्टिक वितळून जळून जातं आणि त्याच्या आकाराची पोकळी उरते. त्या पोकळीत वितळलेलं ॲल्युमिनियम ओतायचं, गार झालं की साचा फोडायचा. प्लास्टिकच्या अंगावर जे असेल ते सगळं धातूत उतरतं. थरांच्या रेघासुद्धा उतरतात, बोटाच्या ठशासारख्या.

पहिल्यांदा मी मायच्या माठाच्या झाकणाला मूठ करून दिली. ती नीट झाली. नानांनी ती हातावर तोलली, गिरणीत नेली आणि दिवसभर दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. त्या दिवसापासून पडवीच्या दाराशी माणसं यायला लागली. कोणी कुकरचा तुटलेला कान आणला, कोणी फवारणीच्या पंपाचं तोंड. “नानाना पोऱ्या धातू वतस म्हने.” नाना म्हणायचे, “फायनलले शे तो.” ते असं म्हणाले की मी भट्टीत कोळसा टाकायचो. भट्टीत बघत असलं की कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

मला नाही म्हणता येत नाही. हे मी गुण म्हणून सांगत नाही. कोणाचं मन मोडायच्या भीतीने मी हो म्हणतो, आणि मग त्या होच्या आत दार लावून बसतो. त्या पावसाळ्यात मी दिवसभर पत्र्याच्या पडवीत असायचो. ओली हवा, कोळशाचा धूर, बाहेर नानांचा कौतुकाचा आवाज. कधी कधी वाटायचं, दार बाहेरून कोणी लावलेलं नाही, तरी मला ते उघडता येत नाही.

श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. भाऊबंदकीत ज्याच्या घरी तिची जागा असेल त्याच्या घरी रविवारी तिची स्थापना होते आणि सोमवारी ती जाते. तिच्या नैवेद्याला जे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात त्यांचे गहू घरातल्या पुरुषांच्या संख्येवर मोजतात. प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ, मग तो पाळण्यातला असो की म्हातारा. हे गहू साध्या दळणात मिसळत नाहीत. त्या आठवड्यात नाना गिरणी धुऊन काढतात, दगड पुसतात, आणि गावाचं रोटचं दळण संपेपर्यंत त्यात बाजरी की ज्वारी काही पडू देत नाहीत. वर्षभर गिरणीवाला असलेला माणूस त्या दिवसांत वेगळाच दिसतो. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून उभा असतो.

त्या आठवड्यात, स्थापनेच्या आधीच्या सोमवारी, गिरणीचं हातचाक तुटलं.

गिरणीत दोन दगड असतात, एक स्थिर आणि एक फिरता. त्यांच्यातलं अंतर बाजूच्या एका बिडाच्या चाकाने कमीजास्त करतात. नानांचा उजवा हात कायम त्या चाकावर असतो आणि डावा पीठ पडतं तिथे. पीठ चिमटीत चोळून बघायचं आणि चाक किंचित फिरवायचं. गिरणी धुताना ते चाक निसटून फरशीवर पडलं आणि त्याचे तीन तुकडे झाले. गिरणी जुनी, ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद झालेला. नानांनी पान्हा लावून दांडा फिरवून पाहिला, तर दगड एकमेकांना घासले आणि जळका वास सुटला.

“धुळ्याच्या लेथवाल्याला विचारू या,” मी म्हणालो.

“घरमा इंजिनेर शे आनि लेथवालाकडे जाऊ?” नाना हसले आणि तुकडे माझ्या ओंजळीत ठेवले. “तीन दिवस शेतस. शुक्रवारपासून दळण लागी.”

मंगळवारी मी तुकडे जोडून मापं घेतली, चाकाचं चित्र कॉम्प्युटरवर काढलं. धातू गार होताना आकसतो, म्हणून ते किंचित मोठं केलं. दुपारी छपाई अर्ध्यावर असताना वीज गेली. आली तेव्हा प्रिंटरने जिथे सोडलं होतं तिथूनच सुरुवात केली, पण कडेला एक बारीक पायरी राहिली. मी म्हटलं, असू दे.

त्याच संध्याकाळी नाना गिरणीच्या ओट्यावर बसले होते. शेजारी मोठे आबा होते. हे नानांचे चुलत भाऊ आणि भाऊबंदकीतले थोरले, कानबाई त्यांच्याच घरी बसते. मी पडवीत होतो. पत्र्यापलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

नाना म्हणाले, “आबा, आईतवारले मी कानबाईपुढे नवस बोलसु. पुढला वरीसले मन्हा पोऱ्या इंजिनेर व्हई. मंग पुढला सावनले तू मन्हा घर ये, असं सांगसु तिले.”

“इंजिनेर व्हई तव्हय व्हई,” आबा म्हणाले. “आधी चाक ते फिराव.”

ओट्यावर हसू उठलं. नानाही हसले. माझ्या हातात प्लास्टिकचं चाक होतं आणि मी ते खाली ठेवू शकलो नाही. नवस म्हणजे आमच्याकडे तोंडाची गोष्ट नाही. एकदा कानबाईपुढे, सगळ्या भाऊबंदांसमोर बोललं की बोललं. पुढच्या श्रावणात मी फार तर शेवटच्या वर्षाला बसलेला असणार होतो. मी खोटं बोललो होतो ते नानांशी. आता नाना तेच खोटं, खरं समजून, देवीला सांगणार होते. रविवारच्या आत मला बोलायला हवं होतं.

बुधवारी सकाळी साचा ओतला. चाकाच्या मधल्या भोकात जुन्या चाकातला लोखंडी नट बसवला होता, म्हणजे धातू त्याच्याभोवती धरेल आणि आटे नव्याने पाडावे लागणार नाहीत. नटाच्या आट्यांत वर्षानुवर्षांचं पीठ आणि ग्रीस बसून दगड झालं होतं. तारेने काढलं तेवढं निघालं. साचा वाळत ठेवून मी धुळ्याला गेलो, कारण घरातलं ॲल्युमिनियम संपलं होतं.

धुळ्यात एका भंगारवाल्या चाचांकडून मी माल आणत असे. तरुणपणी ते ओतकामाच्या कारखान्यात होते. त्या दिवशी मी भांड्यांच्या ढिगाकडे गेलो तसे ते ओरडले.

“अरे, वो हांडी-पतेली रख नीचे! ते ठोकायचं ॲल्युमिनियम आहे, ओतायचं नाही. पिस्टन घे, पिस्टन.” त्यांनी जुने पिस्टन तराजूत टाकले. “कोणत्या सालाला आहेस तू?”

“शेवटच्या.”

“मग तर तुला पुस्तकात सगळं दिलं असेल. मैं क्या बताऊं.” तरी त्यांनी सांगितलंच. “साचा किती भाजतो?”

“व्हिडिओत चार-पाच तास सांगतात.”

“घड्याळ मत देख. साच्याच्या तोंडाला नाक लाव. काही वास आला तर आत माल बाकी आहे. वास शून्य झाला पाहिजे. तेव्हा ओत.”

मी विचारलं, “आणि थोडा वास असताना ओतला तर?”

“तर धातू तेरे को उलटी करके दिखाएगा,” चाचा म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

गुरुवारी साचा भाजायला काढला. कोळसा ओतकामालाच जेमतेम पुरणार होता, म्हणून भाजण्यासाठी मायने घरामागच्या पऱ्हाट्या दिल्या. पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या. हिवाळ्यात आम्ही त्यांच्यावरच भरताची वांगी भाजतो. सगळं घर मदतीला आलं. माय काड्या मोडून देत होती, नाना ढिगात सरकवत होते, आबा कट्ट्यावर बसून म्हणत होते, “तेल-मीठ लयनात का? मिरच्या भाजी ल्या.” भरीत करायची पार्टी असावी तसं वातावरण होतं. पऱ्हाटीचा जाळ भडकन उठतो आणि तसाच बसतो. वांग्याला तेवढा पुरतो. साच्याला संथ, लांब आच लागते. हे मला कळत होतं.

दोन तासांनी साचा बाहेरून काळाभोर झाला होता. आभाळ भरून आलं, बारीक पाऊस सुरू झाला. नाना म्हणाले, “व्हयना ना आते? काळा पडना.”

मी गुडघ्यावर बसून साच्याच्या तोंडाला नाक लावलं. वास होता. मक्याचं कणीस जाळावर करपलं की येतो तसा गोडसर. या प्लास्टिकचा असाच येतो. अजून निदान दोन तास लागणार होते. मला एवढंच म्हणायचं होतं: नाही नाना, अजून नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता, काड्या भिजत होत्या, माय पदराने मानेचा घाम पुसत होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

“हो,” मी म्हणालो. “झालं.”

नानांचे जुने चामडी बूट घालून मी वितळलेला धातू ओतला. आत गुळगुळ आवाज झाला, तोंडाशी एक बुडबुडा फुगला आणि ठिणग्यांसारखे दोन थेंब उडाले. आबा मागे सरकले आणि म्हणाले, “मायव!” नानांना वाटलं असंच होतं.

शुक्रवारी पहाटे साचा फोडला. चाक पुढून सुरेख होतं. वीज गेल्याची पायरीसुद्धा कडेवर जशीच्या तशी उतरली होती. उलटं केलं तर मधल्या नटाच्या एका बाजूला धातू स्पंजासारखा झाला होता, खसखशीएवढी भोकं आणि त्यांच्यामधे बोटाचं पेर जाईल एवढा एक खड्डा. पुन्हा ओतायला दोन दिवस लागले असते, आणि बाहेर ओट्यावर गव्हाचे डबे यायला सुरुवात झाली होती. कपाटवाले पत्र्याच्या खड्ड्यात भरतात ती लांबी माझ्याकडे होती. मी खड्डा भरला, वाळू दिला, घासला, वर चंदेरी रंग मारला. मग चाक नानांना दिलं.

नानांनी ते दांड्यावर बसवलं. आधी हळद-कुंकू लावलं, मग मोटार चालू केली. दगड फिरले. त्यांनी चाक फिरवलं, पीठ चिमटीत घेतलं, चोळलं, पुन्हा किंचित फिरवलं. माझ्याकडे न बघता नुसती मान हलवली. ओट्यावरच्या बायका म्हणाल्या, “बठ्ठं जमस तुना पोऱ्याले, नाना.”

गिरणी चालू असली की आत बोललेलं काही ऐकू येत नाही. पट्ट्याची फटफट, दगडांची घरघर, सगळीकडे पिठाचं धुकं. नाना पांढरे झाले होते, भुवयांपासून पायापर्यंत. मला वाटलं, आत्ता. इथे म्हटलं तर निदान एकदा तोंडातून बाहेर तरी पडेल. मी त्यांच्या कानापाशी गेलो आणि ओरडलो,

“नाना, मी नापास झालो!”

त्यांना ओठ हलताना दिसले. त्यांनी हाताने थांब म्हटलं. वरून धान्य यायची फट बंद केली, मी केलेलं चाक उलटं फिरवून दगड दूर केले आणि मोटारीचं बटण दाबलं. दगड भिडलेले असताना गिरणी बंद करत नाहीत, हे मी लहानपणापासून बघितलेलं. पट्टा हळूहळू थांबला.

“काय म्हनना?”

मी पुन्हा सांगितलं. पण माझा आवाज गिरणीच्या मापाचाच राहिला होता. “मी नापास झालो. मला शेवटच्या वर्षाला घेतलं नाही.”

ओट्यावर सात-आठ माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं.

नाना म्हणाले, “कव्हय?”

“निकाल लागला तेव्हाच. घरी आलो त्याच्या आधी.”

“मंग हाऊ प्रोजेक्ट?”

“प्रोजेक्ट नाही, नाना.”

“पुढला वरीसले?”

“तेव्हा मी शेवटच्या वर्षाला बसेन. पास झालो तर.”

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. पिठाखालचा चेहरा पट्ट्यापट्ट्याने दिसायला लागला. ओट्यावरून एक म्हातारी अक्का म्हणाली, “नाना, मन्हं दळण आर्धं आतमा राही गयं रे.”

नानांनी मोटार चालू केली.

संध्याकाळी, त्या दिवसाचं गावाचं दळण झाल्यावर, आमच्या घरचे गहू मोजले. आधी नानांची सव्वा मूठ आणि मग माझी. माझ्या वेळी त्यांचा हात थांबेल असं वाटलं होतं. थांबला नाही. पण दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. माय ताट वाढताना एवढंच म्हणाली, “माले तरी सांगानं व्हतं,” आणि चुलीकडे गेली. तिचं ते वाक्य मला नानांच्या न बोलण्यापेक्षा जड गेलं.

रविवारी आबांच्या घरी कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ, अंगावर लुगडं, समोर रोट. आरती झाली. बायकांची गाणी थांबली. ज्याला काही मागायचं असतं तो तेव्हा पुढे होतो. नाना उठले, तेव्हा मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. मला वाटलं, ते काहीच मागणार नाहीत, नुसते पाया पडतील. सगळ्या भाऊबंदांना शुक्रवारची गोष्ट माहीत झालेली होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

नाना हात जोडून स्पष्ट आवाजात म्हणाले, “कानबाई माय, मन्ही गिरणीनं चाक मन्हा पोऱ्यानं करेल शे. पुढला सावनलगून ते टिकनं, ते तू मन्हा घर ये.”

“चाकना नवस?” कोणीतरी मागून म्हणालं.

“हा. चाकना,” नाना म्हणाले आणि खाली वाकले.

बाकीच्यांना वाटलं असेल, बापाने पोराची लाज झाकली. मलाही क्षणभर तसंच वाटलं आणि डोळे भरून आले. मग नटाजवळचा तो खड्डा आठवला. मी दोन गोष्टी लपवल्या होत्या आणि एकच सांगितली होती. नानांनी नवस उचलला आणि नेमका दुसरीवर ठेवला.

तेव्हापासून मी त्या चाकात अडकलो. आठ दिवसांनी पुस्तकं घेऊन जळगावला आलो, पेपरची तयारी सुरू केली. खोलीत बसलो की डोळ्यांसमोर दांडा फिरायचा, चाकाचा मधला भाग तडकायचा. रोज फोन करायचो. माय म्हणायची, “जेवना का?” मी म्हणायचो, “चाक कसं आहे?” ती वैतागायची. “चाकले काय व्हस? फिरी ऱ्हायनं.” पाठीमागे गिरणीचा आवाज असला तर बरं वाटायचं. नसला तर मी विचारायचो, गिरणी बंद का आहे? जेवणाची वेळ असायची. हिवाळी परीक्षेत राहिलेल्यांपैकी दोन विषय सुटले. ते सांगायला फोन केला, तेव्हाही आधी चाकाचंच विचारलं. नाना फोनवर येत, पण चाकाबद्दल काही बोलत नसत.

परीक्षेनंतर घरी गेलो. नव्या पऱ्हाट्या शेतातून आल्या होत्या. मी मापं तीच ठेवून दुसरं चाक छापलं. यावेळी वीज गेली नाही. नवा नट घेतला, साचा आठ दिवस चुलीशेजारी वाळवला. भाजायला एकटाच बसलो आणि एक-एक काडी सारत दिवस काढला. मायने म्हटलं, “व्हयना ना?” मी म्हटलं, “नाही.” तासाभराने तिने पुन्हा विचारलं. “नाही, माय.” शेवटी ती वांगी घेऊन आली आणि म्हणाली, “तुना जाळ फुकट जाई ऱ्हायना,” आणि कडेच्या निखाऱ्यांत वांगी लावून गेली. दुपार कलली तेव्हा साच्याच्या तोंडाला नाक लावलं. वांग्याचा वास येत होता. वांगी लांब नेऊन ठेवली आणि पुन्हा नाक लावलं. कसलाच वास नव्हता.

हे चाक भरीव निघालं. टिचकी मारली की टणकन वाजायचं. मागून पुढून सारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घेऊन मी गिरणीत गेलो. दळण नव्हतं. नाना दगडांवरचं पीठ झाडत होते.

मी म्हणालो, “नाना, पहिल्या चाकात खड्डा आहे. मागच्या बाजूला, नटापाशी. मी लांबी भरून रंग दिला होता. तेव्हा सांगितलं नाही. हे चांगलं आहे. हे बसवा.”

नानांनी कुंचा खाली ठेवला. दांड्यावरच्या जुन्या चाकावर हात ठेवला, रोज ठेवतात तसा. त्यांचा अंगठा चाकामागे गेला आणि बरोबर त्या जागेवर थांबला. तिथला चंदेरी रंग पूर्ण उडालेला होता. लांबी गुळगुळीत, पिवळी पडलेली.

“हाऊ खड्डा माले पहिलाच दिवसले लागना,” ते म्हणाले. पीठ चिमटीत धरून जाडबारीक ओळखणारा हा माणूस. त्याला रंगाखालचं कळणार नाही असं मी कसं धरून चाललो होतो, कोण जाणे.

“मग नवस का बोललात? याच्यावर?”

नाना माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी चमत्कारिक विचारतोय.

“चांगला चाकवर कोन नवस बोलस रे?”

मी दुसरं चाक त्यांच्यापुढे धरून उभाच होतो. त्यांनी ते घेतलं, हातावर तोललं, टिचकी मारली, आवाज ऐकला. मग भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. “तठे टांग. जपीसन ठेव. हाई मोडनं ते लागी.”

“पण मोडलं तर नवस...”

“मोडनं ते मोडनं. कानबाईले सांगसु, नही टिकनं.” त्यांनी कुंचा उचलला. “पेपर कव्हय शेतस तुना?”

“उन्हाळ्यात.”

“किती ऱ्हायनात?”

पहिल्यांदाच त्यांनी असं विचारलं होतं. मी आकडा सांगितला, खरा. त्यांनी बोटांवर मोजून पाहिला आणि झाडायला लागले.

हे लिहितोय तेव्हा मी जळगावच्या खोलीत आहे. पेपर जवळ आलेत, उकाडा वाढलाय, खिडकीला ओलं पोतं लावलंय तरी भिंती तापतात. तिसऱ्या वर्षाची तीच पुस्तकं, तीच खूण केलेली पानं. पास होईन की नाही हे मला ठामपणे सांगता येत नाही आणि आता तसं सांगायची हिंमतही होत नाही. चांगलं चाक खिळ्यावर टांगलेलं आहे. लांबीवालं चाक अजून दांड्यावर आहे आणि श्रावण यायचा आहे.

काल फोन केला. मायने उचलला. मागे गिरणी चालू होती.

“चाक...” मी म्हणालो.

“शे,” माय म्हणाली. “तू वाच.”